केसरबाईची थाळी, कायतानबाबाची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी थाळी आहे. काशाची. तुमच्या स्टीलच्या ताटांसारखी मी चकाकत नाही, काठाला एक पोचाही आहे. पण बोटाची टिचकी मारून पाहा. माझा आवाज गिरणेच्या पाण्यावरून चालत जातो आणि पलीकडच्या बाभळीवरचे बगळे उठवतो.

एरंडोलच्या एका कासारानं तांबं आणि कथील एकत्र वितळवून मला ओतलं, मग ठोकून ठोकून पसरट केलं. ठोके खाल्ल्याशिवाय काशाला कंठ फुटत नाही, असं तो म्हणायचा. केसरबाईच्या लग्नात मला आहेरात दिलं आणि भडगावकडच्या एका नदीकाठच्या गावात आम्ही दोघी एकाच गाडीतून नांदायला आलो.

आमच्या गल्लीची एक रीत होती. घरात मुलगा झाला, तर दारात उभं राहून लाटण्यानं मला वाजवायचं. मुलगी झाली, तर मागच्या दारी सूप बडवायचं, तेही शेजारणीला ऐकू जाईल न जाईल असं. आमच्या अहिराणीत मुलाला म्हणतात आंडोर आणि मुलीला आंडेर. एवढासा फरक! एका कान्याचा. पण त्या फरकानंच ठरायचं, थाळी की सूप.

केसरबाईला आंडोर झाला तेव्हा मी इतकी वाजले, की माझ्या काठाला तो पोचा पडला. त्या आंडोराचं नाव सुपडू. पुढे त्याची बायको म्हणून जमना घरात आली. तिला पहिली मुलगी झाली, सूप वाजलं. दुसरी झाली, सूप वाजलं. मी फडताळात गप्प.

चौऱ्याऐंशी साली गावात कायतान फादर आले. गावातली ख्रिस्ती घरं मोजकी, आमचं त्यांतलंच एक, पण फादर सगळ्यांचे झाले. लोक त्यांना कायतानबाबा म्हणू लागले. ते मूळचे गोव्याचे. वडील माडावर चढून सूर, म्हणजे माडी, काढायचे. तरुणपणीच हे एका धर्मसंघात गेले आणि तीन व्रतं घेऊन बसले: स्वतःचं म्हणून काही ठेवायचं नाही, संसार करायचा नाही, आणि संघाचे वरिष्ठ धाडतील तिथं जायचं. वरिष्ठांनी धाडलं खान्देशात. समुद्राच्या लेकराला कापसाच्या रानात!

पण त्यांना करमलं हो. सायकलवरून ते वस्त्या फिरत. कुणाच्या खरजेला मलम लाव, कुणाच्या म्हाताऱ्याजवळ बसून जपमाळ म्हण, कुणाचं भांडण मिटव. महिन्यातून एकदा एस.टी.नं दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत जाऊन तिथल्या कामगारांसाठी मिस्साची प्रार्थना चालवत. कळण्याची भाकर आणि ठेचा खाताना डोळ्यांतून पाणी यायचं, तरी म्हणायचे, "अजून वाढा."

त्यांच्या प्रार्थनाघराला घंटा नव्हती. तेव्हा केसरबाई मला पदराखाली घेऊन गेली.

"बाबा, हाई थाळी वाजाडत जा. घरमा पडेल शे."

तेव्हापासून दर रविवारी मी प्रार्थनाघरासमोरच्या निंबाच्या फांदीला टांगली जायची आणि प्रार्थना झाली की केसरबाईच्या घरी परत. मित्रांनो, ते माझे सोन्याचे दिवस! मी वाजले की माणसं घराबाहेर यायची, शेजारच्या बौद्ध गल्लीतले रुपचंदभाऊ हसून म्हणायचे, "उठा रे, कायतानबाबाना कोंबडा आरवना."

जमनाला तिसऱ्यांदा दिवस गेले आणि घरातलं हसू आटलं. केसरबाईनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "यंदा बी आंडेरच झायी, ते जमनाले माहेर धाडी दिसू. मंग सुपडूनं दुसरं लगीन पाहू." सुपडू आईपुढे मान वर करणारा नव्हता. आणि नाताळच्या तोंडावर जमनाला मुलगीच झाली. काळेभोर डोळे, मुठी आवळलेल्या. केसरबाईनं तिला हातात घेतलं नाही. नाव ठेवू दिलं नाही. जमनाच्या भावाला, भिकनला, निरोप गेला: नाताळचं जेवण झालं की बहिणीला घेऊन जा.

कायतानबाबा धावत आले. ओट्यावर बसून समजावू लागले, "केसरबाई, कन्या हे परमेश्वराचे अमूल्य वरदान आहे. तिचा अव्हेर करणे उचित नव्हे."

केसरबाई मान डोलवत राहिली. ते गेल्यावर शेजारच्या द्रौपदाबाईला म्हणाली, "बाबा गोड बोलतस, पन पुस्तकनं बोलतस. काही समजत नही."

हे द्रौपदाबाईनं त्यांच्या कानावर घातलं. बाबा खजील झाले नाहीत, कामाला लागले. नाताळचं प्रवचन अहिराणीतून करायचं! मग काय, विहिरीवर, पिठाच्या गिरणीत, बाजारात, दिसेल त्याला धरून विचारायचे, "ह्याला काय म्हणता? त्याला काय म्हणता?" निंबाखाली येरझाऱ्या घालत घोकायचे. रविवारी फांदीवरून माझ्याही कानावर पडायचं ते. आंडोर, आंडेर, आंडेर, आंडोर.

नाताळची सकाळ उजाडली. निंबाखाली रुपचंदभाऊंनी बुद्धविहारातल्या सतरंज्या आणून अंथरल्या. चुलवणावर वरण शिजत होतं, बट्ट्या भाजल्या जात होत्या. सारं गाव लोटलं. भिकनही आला होता, डोक्याला रुमाल बांधून, खाली मान घालून. जमना सगळ्यांत मागे, मुलीला पदरात झाकून बसली होती. तिची पिशवी भरून शेजारी ठेवलेली.

बाबांनी झगा सावरला, मला हातात घेतलं आणि असं वाजवलं, असं वाजवलं, की वरचे पोपट उडाले. मग छाती भरून म्हणाले,

"भाऊसहोन, बहिनीसहोन! आज आनंदना दिन शे! देवले आंडेर झायी!"

 मग द्रौपदाबाईनं कपाळाला हात लावला.

"माय वं! आंडेर झायी? मंग थाळी कसाले वाजाडी बाबा? सूप लयी या!"

हशाचा जो लोट उठला! माणसं सतरंजीवर लोळली. रुपचंदभाऊंनी डोळे पुसले. बाबा भांबावून बघत राहिले. "मी काय बोलनू?" त्यांनी विचारलं. कुणीतरी सांगितलं. बाबांचा चेहरा आधी लाल झाला आणि मग तेही पोट धरून हसू लागले.

"चुकनू मी. आंडोर म्हनानं व्हतं," ते म्हणाले. पण मला त्यांनी खाली ठेवलं नाही. "पन मले एक सांगा. खरंच देवनी आंडेर ऱ्हाती, ते तुम्ही काय वाजाडतात? थाळी का सूप?"

 सगळ्यांच्या माना केसरबाईकडे वळल्या. थाळी तिची ना!

द्रौपदाबाईची जीभ गप्प राहणारी थोडीच? "सांग वं केसर. देवना दारमा बी सूपच वाजाडशी का?"

केसरबाई ठिणगीसारखी उडाली. "मी? देवनी आंडेर ऱ्हाती, ते मी वाजाडी वाजाडी हाई थाळी फोडी टाकती!"

आणि तेव्हा मागून आवाज आला. ती आमच्या घरात आल्यापासून मी तो इतका स्पष्ट कधी ऐकला नव्हता. जमना उभी राहिली होती. पदर बाजूला करून तिनं लेकीला पुढे धरलं.

"आत्याबाई, मंग हाई कोनी आंडेर शे?"

 बाबा मध्ये पडले नाहीत. मित्रांनो, कधी गप्प राहायचं हे त्यांना कुठल्याही भाषेत कळायचं.

केसरबाई त्या इवल्या मुठींकडे पाहत राहिली.  मग ती तरातरा आली, बाबांच्या हातातून मला हिसकावून घेतलं आणि चालू लागली. मला वाटलं, संपलं! आता फडताळ! ती घराच्या दारात पोचली, मागोमाग सारं गाव. लाटणं शोधायला ती आत गेली नाही. मनगटातलं चांदीचं कडं काढलं आणि त्यानंच मला वाजवायला लागली. तिचा हात दमला, तेव्हा सुपडूनं पुढे होऊन मला धरलं. आईपुढे तो पहिल्यांदाच ताठ उभा होता. दारात, भर सकाळी, सगळ्यांसमोर. द्रौपदाबाईनं तिथल्या तिथं, घरात आलेल्या पाहुणीची ओवी रचली:

थाळी वाजनी दारमा, कोन उनं वं घरमा?
सोनानी पाव्हनी उनी, जागा द्या वं उरमा.

केसरबाईनं मला सुपडूच्या हाती सोडलं आणि नात उराशी घेतली. मग भिकनकडे वळून, डोळे पुसत, पण जुन्याच तोऱ्यात म्हणाली, "भिकनभाऊ, बट्टी खा आनि घर जाय. जमना आठेच ऱ्हाई."

जमनाची भरलेली पिशवी पुन्हा घरात रिकामी झाली. बाप्तिस्म्याला मुलीचं नाव केसरबाईनंच सुचवलं: आनंदी.

पुढे वरिष्ठांचा हुकूम आला आणि बाबा साक्रीकडच्या डोंगरात गेले. आले तेव्हा होती तीच एक ट्रंक घेऊन. केसरबाई मला त्यांच्या हातात देत होती. ते म्हणाले, "मले काही ठेवता येत नही, माय. आनि हिनं काम आठेच शे." अहिराणी आता अचूक होती. कधीमधी त्यांची खुशाली कळते. तिथंही ते नवी बोली शिकताहेत म्हणे, आणि तिथंही लोक पोट धरून हसताहेत!

नव्वदनंतर प्रार्थनाघराला खरी घंटा आली, घरात स्टीलची ताटं आली. वर्षभर मी माळ्यावर पडून होते. काशाला हात लागला नाही की ते काळवंडतं, मित्रांनो, आणि आवाजही जडावतो. आनंदाचंही तसंच असावं. पण शेजारी कौतिकच्या सुनेला मुलगी झाली आणि केसरबाईनं मला खाली उतरवलं, चिंच लावून घासलं. तेव्हापासून मला विसावा नाही. आता ती थकली आहे, तरी दाई दाराबाहेर येताना दिसली की काठी टेकत पोचते आणि मला वाजवू लागते.

"अवं केसर," द्रौपदाबाई ओरडते, "आंडोर का आंडेर, हाई ते इचार!"

"वाजाडू दे पहिले," केसरबाई म्हणते. "मंग इचारसू."

मित्रांनो, घरातल्या जुन्या भांड्यांना अधूनमधून घासत जा, हे तर मी सांगेनच. पण तुमच्या गल्लीत पाळणा हलला, तर एवढं माझं ऐका: आधी वाजवा. मग विचारा.