तापलेल्या इंजिनाचा चमत्कार

सायलेन्सरमधून आधी धूर आला, मग काळा चिखल भसकन बाहेर पडला आणि मैदानातली माणसं झटक्यात मागे सरली. पांढऱ्या गाडीमागे जमिनीवर तेलकट डबकं साचलं.

"बघा, पोटातली घाण," धूरबाबा म्हणाला. "गाडी झाली म्हणून काय, तीही जीवच. तिलाही शुद्धी लागते."

मालक आत जाऊन बसला. समोरचा पिवळा दिवा, जो इंजिनात बिघाड आहे म्हणून महिनाभर पेटून होता, तो विझला होता. इंजिन जराही थरथरत नव्हतं. मालक बाहेर आला तो थेट बाबाच्या पायांवर वाकला.

स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या त्या मैदानात रोज गाड्यांची रांग लागायची. टॅक्स्या, शाळेच्या व्हॅन, एखादी नवीकोरी दिसणारी गाडीसुद्धा. तक्रार सगळ्यांची एकच. सकाळी सुरू केली की गाडी हलते, मिसिंग मारते म्हणजे मध्येच ठोका चुकवते, चढावर जीव सोडते. बाबाचा उपायही एकच: जांभळं शुद्धीजल पेट्रोलच्या टाकीत. मात्र गाडी चांगली तापवून आणायची, थंड गाडीत म्हणे शक्ती उतरत नाही. आणि शुद्धीआधी बाबाचा मेहुणा बॅटरीची वायर काढून विकार जमिनीत सोडणार आणि ओल्या बोळ्याने सायलेन्सरची नळी पुसणार. बाबाचं बोलणं निम्मं गॅरेजातलं, निम्मं मोक्षाचं. सिलिंडर म्हणजे देह आणि प्लग म्हणजे प्राण, असं त्याने सुरू केलं की टॅक्सीवाले मुंड्या हलवायचे.

त्या रांगेत माझी भावजय होती, म्हणून मी तिथे होते. मी तंत्रशाळेत मोटारदुरुस्ती शिकवते.

माझ्या धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. तो टॅक्सी चालवायचा. आता ती भावजय चालवते, आणि आठवड्यातून तीनदा त्याच टॅक्सीतून त्याला डायलिसिसला नेते. मागच्या आठवड्यात गाडी पुलाच्या मधोमध बंद पडली. मागे हॉर्नचा कल्लोळ, सीटवर धाप लागलेला नवरा, आणि ही एकटी किल्ली फिरवत बसलेली. त्या दिवसापासून ती रात्रभर छताकडे बघत पडायची, असं भावाने मला सांगितलं. गाडी माझ्या शाळेत आण, उघडून बघू, असं मी तिला म्हटलं होतं. पण उघडायची म्हणजे गाडी उभी राहणार, आणि गाडी उभी राहिली तर त्याला न्यायचं कसं? बाबा तर पाव तासात मोकळं करत होता.

तिच्या टॅक्सीतूनही काळा चिखल आला, दिवा विझला. ती स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी पुन्हा गदगदा हलली. बाबा म्हणाला, जुना रोग आहे, तीनदा यावं लागेल.

पुढच्या वेळी ती गेली तेव्हा तिने त्याला गाडीखेरीज आणखी एक गोष्ट विचारली. हे मला फार उशिरा कळलं.

मी भावाच्या घरी गेले तेव्हा भाऊ दोन उशांना टेकून बसला होता. चेहरा सुजलेला, पाय इतके फुगलेले की बोट दाबलं तर खळगा तसाच राहायचा. त्याने डायलिसिस चुकवलं होतं. उशाशी बाबाच्या शुद्धीजलाची एक जांभळी बाटली.

"गाडीची घाण निघते तशी रक्ताचीही निघते म्हणाले," भावजय सांगू लागली. "मशीन बंद ठेवून हे घ्यायचं."

मी आवाज चढवला. तिने तो तसाच अंगावर घेतला आणि ती शांतपणे म्हणाली, "ताई, ते काळं मी माझ्या डोळ्यांनी बाहेर पडताना पाहिलंय. तुमच्या डॉक्टरांनी काय काढून दाखवलं?"

मी भावाकडे वळले. त्याचा हात सुयांनी चाळणीसारखा झालेला. "अगं, मी दमलोय," तो म्हणाला. "एकदा तरी सुईवाचून बरं वाटेल, एवढंच."

त्याला उचलून न्यावं तर तो येणार नाही, आणि हिला समजवावं तर तिच्यापाशी पुरावा होता, तोही गाडीचा. तो पुरावा मोडल्याशिवाय ती बाटली सुटणार नव्हती. आणि वेळ तर अजिबात नव्हता. मी म्हटलं, आत्ता सगळे मैदानात जाऊ. टॅक्सी सकाळपासून सुरू केलेली नाही, ती माझ्या गाडीला दोर बांधून थंडच न्यायची. बाबाने माझ्या समोर बरी केली तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही झाली, तर तिथून तडक हॉस्पिटल. भावाने पाय खाली सोडले.

मैदानात बाबाने थंड गाडीला हात लावायला नकार दिला. आधी तापवून आणा म्हणाला. मी रांगेतल्या लोकांना म्हटलं, तुमच्याही गाड्या थंड असतानाच हलतात ना? मग औषध थंड गाडीवर का चालू नये? दोघाचौघांनी मान डोलावली. बाबाला माघार घेता येईना. टॅक्सी सुरू केली, ती आरसे हलण्याइतकी थरथरली. मी सायलेन्सरचं तोंड फडक्याने आतपर्यंत पुसलं आणि भावजयीला तिथेच उभं केलं. मेहुणा हातात ओला बोळा घेऊन नेहमीसारखा सायलेन्सरची नळी पुसायला आला. तिने त्याला जवळ येऊ दिलं नाही. बॅटरीलाही कुणी हात लावला नाही.

बाबाने शुद्धीजल ओतलं. मंत्र पुटपुटला, इंजिन पळवायला सांगितलं. सायलेन्सरमधून पांढरट वाफ आली आणि पाण्याचे काही थेंब ठिबकले. दिवा पेटलेला, गाडी थरथरतेय.

"इथे कुणीतरी विश्वास नसलेलं उभं आहे," बाबा माझ्याकडे बघत म्हणाला.

"गाडीपाशी मी उभी आहे," भावजय म्हणाली. "मी तर नवऱ्याचा जीव तुमच्या हातात दिला. माझा विश्वास कुठे कमी पडला, सांगा."

तिने मेहुण्याच्या हातातला बोळा ओढून घेतला. आत पातळ पिशवी होती, ती फुटली आणि तिच्या तळव्यावरून काजळी कालवलेलं जुनं ऑइल ओघळलं. नळीत हे सारलं आणि इंजिन पळवलं की चिखल बाहेर पडणारच.

मी घाईघाईत, भावाकडे एक डोळा ठेवून, लोकांना बाकीचं सांगितलं. या नव्या इंजिनांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं. काजळी साचते ती त्याच्या अलीकडे, हवा आत घेणाऱ्या झडपांच्या पाठीवर. इंजिनातल्या ऑइलची वाफ तिथे जाऊन भाजते आणि चिकटते. जुन्या इंजिनांत पेट्रोल त्या झडपांवरूनच जायचं, त्या धुतल्या जायच्या. आता पेट्रोल तिथे पोचतच नाही, मग टाकीत गंगा ओतली तरी ती पोचणार कशी? इंजिन तापलं की थरथर आपोआप कमी होते, म्हणून याला तापलेल्या गाड्या हव्या असतात. बॅटरीची वायर काढली की गाडीतल्या संगणकातली बिघाडाची नोंद पुसली जाते, म्हणून दिवा विझतो आणि चार दिवसांनी परत पेटतो.

कुणीतरी बाबाची कॉलर धरली. पुढे काय झालं ते पाहायला आम्ही थांबलो नाही. भावाचे ओठ निळसर पडत चालले होते.

डॉक्टरांनी त्याला दारातूनच आत नेलं. रक्तातलं पोटॅशियम इतकं वाढलं होतं की हृदय केव्हाही थांबलं असतं, असं डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या. मशीन सुरू झालं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर बसलो. तिच्या तळहातावर अजून तेलाचा डाग होता.

"ताई, तो खोटा आहे हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं," ती म्हणाली. "गाडी हलली तेव्हाच. पण तो खोटा म्हटलं, की यांच्यासाठी काय उरत होतं?"

मी तिचा हात धरून बसले.

टॅक्सी मी शाळेत नेली आणि तेवढे दिवस भावाला माझ्या गाडीतून नेलं-आणलं. हवेची नळी काढून बारीक कॅमेरा आत सोडला आणि तिला दाखवलं: झडपांवर जळक्या दगडासारखे थर होते. अक्रोडाच्या कवचांचा भुगा हवेच्या जोराने मारून ते काढले. चमत्कार काहीच नाही, दिवसभराचं काम आणि अंगभर धूळ. गाडी आता सकाळीही न थरथरता सुरू होते. ऑइल योग्य प्रतीचं घालायचं, वेळेवर बदलायचं, स्टँडवर तासन्‌तास इंजिन चालू ठेवायचं नाही, अधूनमधून लांबवर मोकळी पळवायची. तरीही काही वर्षांनी काजळी पुन्हा साचेल आणि पुन्हा साफ करावी लागेल.

भाऊ अजून मशीनवरच आहे. किडनी मिळण्याच्या यादीत त्याचं नाव आहे, ते कधी वर येईल हे कुणीच सांगू शकत नाही. धूरबाबा म्हणे दुसऱ्या शहरात दिसला, आणि तिथेही रांग आहे.

त्या रांगेतली माणसं मूर्ख नाहीत. त्यांचे सगळे रस्ते संपलेले असतात, एवढंच. म्हणून त्यांना हसू नका, त्यांच्यासोबत जा. तिथे उभं राहून विचारा: हे नेमकं कुठे जातं, कशाला लागतं, आणि आमच्या अटीवर करून दाखवाल का? ज्याला हा प्रश्न सोसत नाही, त्याच्या हाती गाडीसुद्धा देऊ नका. माणूस तर नाहीच.