चारशे दहा मीटर

जेलागातला संशय आला तो आकड्यांचा. एल्डोरेटच्या रुग्णालयातल्या हृदयविभागात ती नऊ वर्षं रुग्णांना सहा मिनिटं चालवून अंतर मोजत होती. म्झे बार्सोसिओ (म्झे म्हणजे आजोबा) मागच्या आठवड्यात चारशे दहा मीटर चालले होते. आज एकशे नव्वद! आठवडाभरात माणूस एवढा ढासळत नाही, सोंग मात्र वठवता येतं.

सोंगाला कारणही होतं. थकल्या हृदयाच्या दोन्ही बाजू एका ठेक्यात आणणारं तीन तारांचं यंत्र विभागात एकच आलं होतं. त्याचा गुण कुणाला येईल याचा अंदाज डॉक्टर अशा तपासण्यांवरून बांधत, आणि चारशे मीटर चालणाऱ्याचा नंबर लागणार नव्हता. म्हाताऱ्याला कुणीतरी पढवलं असणार.

"म्झे, आज पाय का ओढताय?"

"दम लागतो, पोरी."

"मागच्या वेळी नाही लागला?"

"लागला की. घरी जाऊन दोन दिवस उठलो नाही."

"अस्सं! आणि यंत्र आल्याबरोबर चाल मंदावली."

त्याची बायको ताप्सुबेई उसळली. "नाटक करतोय म्हणतेस? अगं, गोठ्यापर्यंत जाताना तीनदा टेकतो हा!"

जेलागातने कागदावर लिहिलं, 'दुसरा आकडा संशयास्पद.' फसवलं जाण्याची तिला मनापासून चीड होती.

"मग तेव्हा एवढं कसं चाललात?"

म्हातारा ओशाळला. "तू पुढे होतीस ना."

"म्हणजे?"

"चौदा वर्षं इतेनच्या चढावर शर्यती पळालोय मी. पुढे कुणाची पाठ दिसली की राहवत नाही. त्यातून बाईमाणूस!"

जेलागातचा चेहरा उतरला. तपासणाऱ्याने रुग्णाच्या मागे चालायचं, हा पहिला नियम. त्या दिवशी घाईत तीच पुढे निघाली होती, आणि तीही त्या धावपटूंच्या इतेनचीच, भराभर पाय उचलणारी. आज मात्र ती मागे होती. खोटा होता तो पहिला आकडा, आणि तो तिच्यामुळे. त्याच्यावर भरवसा ठेवून तिने या माणसाला मरायला घरी धाडलं असतं.

तिने ओळ खोडली. 'पहिली चाचणी रद्द. चूक माझी,' असं लिहून सही केली. डॉक्टरांनी कागद वाचला, तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं आणि यंत्रापुढे बार्सोसिओंचं नाव घातलं.

ती बाहेर आली तेव्हा म्हातारा बाकावर धापा टाकत होता. "एक सांग, पोरी. त्या दिवशी गाठलं का मी तुला? शेवटी अंधारी आली, कळलंच नाही."

त्या दिवशी शेवटपर्यंत ती चार पावलं पुढेच होती. तिला चांगलं आठवत होतं.

"गाठलंत, म्झे," ती म्हणाली.