तारेखालचा निळा रंग

आमच्या तात्यांच्या जुन्या जीपला दरवर्षी एकच रोग. चौदा एप्रिल आली की स्टार्टर बसायचा. चावी फिरवली की नुसतं 'टक्', पुढं काही न्हाय.

शेळगावच्या जयंतीच्या मिरवणुकीत बाबासाहेबांचा फोटो तात्यांच्याच जीपवर, हा त्यांचा मान. म्हणून आदल्या दिवशी ते जीपला निळा ऑइलपेंट द्यायचे. सगळीकडं. बॅटरीची अर्थची तार चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, जिथं बोल्टनं आवळतात, ती जागासुद्धा सोडायचे न्हाईत. तार काढायची, रंग मारायचा, वाळला की तार रंगावरच आवळायची. तार लोखंडाला नीट भिडलीच न्हाय तर स्टार्टरला पुरेल एवढा करंट जाईल कुठनं?

मग बिरू मिस्त्री यायचा. एका साली स्टार्टरचे कार्बन बदलले, एका साली त्याचं आरमेचर नव्या तारेनं भरून आणलं. बॅटरी काढता-घालताना तार हलायची, रंग खरवडायचा, गाडी चालू. कावळा बसायला अन् फांदी मोडायला गाठ पडायची आणि नाव बिरूचं व्हायचं.

मी तेजश्री, तात्यांची लेक, बारामतीच्या आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकलेली. तीनदा सांगितलं, "तात्या, तारेखालचा रंग खरवडा." तर म्हणे, "पोरींनी गाडीत हात घालू नये." आणि त्याच तोंडानं संध्याकाळी जयंतीच्या सभेत स्त्रीशिक्षणावर पाऊण तास भाषण. माझं डोकंच फिरायचं.

त्र्याण्णव साली मला वालचंदनगरच्या कारखान्यातनं अप्रेंटिसचं बोलावणं आलं. फॉर्मवर पालकाची सही पाहिजे होती, मुदत पंधरा तारखेची. तात्या आठवडाभर नुसतं "बघू" म्हणत होते.

चौदाला फोटो, हार, लेझीम, सगळं तयार. तात्यांनी चावी फिरवली. टक्. बिरूनं बॉनेटमधनं डोकं काढलं. "तात्या, नवा स्टार्टरच लागंल." मानाची जीप आता भर चौकात ढकलायची. तात्यांचा चेहरा पार उतरला.

मी पान्हा, पॉलिश पेपर आणि फॉर्म घेऊन पुढं झाले.

"सही करा तात्या. पाच मिनटात चालू करून देते."

"हितं? लोकांत?"

"हितंच. उद्या मुदत संपतीय."

अक्काबाई आत्या, तात्यांची थोरली बहीण, मागनं म्हणाली, "कर की श्रीपती. ऊन चढाय लागलंय."

तात्यांनी बॉनेटवर फॉर्म ठेवून सही केली. मी बोल्ट काढला, रंग घासून लोखंड उघडं केलं, तार आवळली. पहिल्या चावीला जीप उठली.

संध्याकाळी माईकवर तात्या म्हणाले, "माझ्या लेकीच्या हातात पान्हा मीच दिला." बिरूनं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. मला राग आला, हसूही आलं. पण फॉर्म माझ्या पर्समध्ये होता, म्हणून मीही वाजवल्या.