चौदा नंबरच्या पिंजऱ्यातली जोडी

चौदा नंबरच्या पिंजऱ्यातला चिंपांझी वारला, तेव्हा त्याच्या रखवालदाराला निवृत्त व्हायला सात महिने उरले होते. प्राणिसंग्रहालयाच्या नियमावलीप्रमाणे प्रत्येक रखवालदाराच्या नावापुढे एक प्राणी असावा लागे. ज्याच्या नावापुढे प्राणी नाही, त्याचं पद महिनाअखेर रद्द. पद गेलं की पेन्शनही गेली.

रखवालदाराला सगळे काका म्हणत. काकांनी चिंपांझीला तेवीस वर्षं सांभाळलं होतं. कोणी कोणाला सांभाळलं, याबद्दल काकूंचं मत वेगळं होतं.

"दुसरा प्राणी द्या," काका संचालकबाईंना म्हणाले. "कासवसुद्धा चालेल."

"कासवाला माणूस आहे."

"मग साप?"

"सापांना दोन आहेत. आणि नवा प्राणी मागवायचा तर मंजुरीलाच दीड वर्ष." बाई मनाने वाईट नव्हत्या; फक्त ते मन त्या नियमावलीत खूण म्हणून घालून ठेवत. त्यांनी पानं उलटली. "प्राणी म्हणजे जो श्वास घेतो, खातो आणि मोजता येतो. काका, तुम्ही श्वास घेता ना?"

"अजून सात महिने तरी घ्यायचा विचार आहे."

पुढच्या सोमवारी पिंजऱ्यावर नवा फलक लागला. मजकूर बाईंनी स्वतः लिहिला होता. "मनुष्य. दोन पायांवर चालतो, बसायला मिळालं तर चालत नाही. अंगावर केस कमी, उरलेल्यांची काळजी जास्त. आहार: काहीही, तक्रारीसह. पिल्लं वीस-पंचवीस वर्षं आईबापांच्या जिवावर. पुढे उलट होईल अशी समजूत. आयुष्य साधारण सत्तर वर्षं. त्यातलं एक तृतीयांश झोपेत जातं आणि बरंचसं झोप झाली नाही हे सांगण्यात."

प्राणी काका आणि रखवालदारही काकाच. सकाळी आठला ते बाहेर उभे राहून खाणं तोलत, आत जाऊन ते खात, पुन्हा बाहेर येऊन वहीत नोंद करत. चिंपांझीबद्दल त्यांनी कधी खोटं लिहिलं नव्हतं, स्वतःबद्दल तरी कशाला लिहितील? "आहार घेतला. पोट साफ नाही. वर्तन सुस्त. दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपला, उठवल्यावर जागाच होतो म्हणाला."

प्रेक्षक यायचे, पण थांबायचे नाहीत.

"आई, हा काय करतो?" एका मुलीने विचारलं.

"काही नाही गं. चल, हत्ती बघू."

"बाबांसारखाच आहे."

बाबा पुढे निघून गेले होते, हे बरं.

दुसऱ्या महिन्यात सरकारी तपासणीस आले. त्यांनी टेप लावून पिंजरा मोजला, मागची निजायची खोली पाहिली, नळ सोडून पाहिला.

"पाणी दिवसभर?"

"नियम आहे, साहेब."

"आमच्या इमारतीत एक तास येतं," साहेब म्हणाले आणि नळाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तक्ता काढला. "मनुष्य कळपातला प्राणी आहे. एकटा ठेवणं ही क्रूरता झाली. पंधरा दिवसांत जोडीदार आणा, नाहीतर पिंजरा बंद."

काकांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी जाऊन त्यांनी काकूंसमोर विषय काढला.

"मी बसू पिंजऱ्यात? चारचौघांत? अक्कल गहाण टाकलीत की काय?"

"अगं, पाच महिन्यांचाच प्रश्न आहे. एवढ्यावरून सगळी नोकरी पाण्यात जाईल."

"आणि स्वयंपाक कोण करणार?"

काकांना खोटं बोलता येत नसे. "प्राण्याने शिजवायचं नसतं. रखवालदार शिजवतो."

"रखवालदार म्हणजे तुम्ही."

"हो."

"भांडी?"

"रखवालदार."

"झाडलोट?"

काका गप्प बसले. एकतीस वर्षांच्या संसारात काकूंना त्यांचं हे गप्प बसणं इतकं गोड कधी वाटलं नव्हतं.

"किती वाजता यायचं?" त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवशी बटाटे करपले. वहीत नोंद झाली: "मादीने आहार नाकारला. नराला पुन्हा करायला लावला." आठवड्याभरात बटाटे खाण्याजोगे झाले. काकू बाकावर ऊन खात बसू लागल्या, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांवर मत देऊ लागल्या. लोक थांबू लागले. हत्तीकडची गर्दी थोडी इकडे सरकली.

महिन्याच्या तपासणीला जनावरांचे डॉक्टर आले. "मादी लंगडतेय," ते बाहेरूनच म्हणाले.

"ती तशीच चालते," काका म्हणाले.

"अकरा वर्षं," काकू म्हणाल्या.

चिंपांझीला नखुरडं झालं होतं, तेव्हा काका रात्रभर त्याच्याजवळ बसले होते. त्यांनी मान खाली घालून वही उघडली आणि लिहिलं: "मादी. उजवा गुडघा. अकरा वर्षं. नोंद राहून गेली." त्या दिवसापासून डॉक्टरांनी दिलेल्या औषधाची वेळ कधी चुकली नाही; तो रखवालदाराच्या कामाचाच भाग होता.

तपासणीस पुन्हा आले, जोडीचं एकमेकांशी वर्तन बघायला. खुर्ची टाकून बसले. अर्धा तास झाला, दोघं गप्प.

"एकमेकांशी संबंध दिसत नाही," साहेब म्हणाले.

"कसा दिसेल?" काकू उसळल्या. "आज मीठ टाकलंच नाही यांनी! सांगून सांगून जीभ झिजली माझी."

"काल जास्त झालं म्हणालीस, म्हणून आज टाकलं नाही."

"म्हणून अजिबात नाही? काही मधलं असतं की नसतं?"

साहेबांनी लिहिलं: "जोडी स्थिर. दीर्घकालीन." आणि पिंजरा पास झाला.

सात महिने पुरे झाले. काकांना पुष्पगुच्छ मिळाला, पेन्शनचा कागद मिळाला. आवारातल्या राहत्या दोन खोल्या रिकाम्या करायच्या होत्या आणि मुलाकडे राहायला जायचं ठरलं होतं. मुलाचा फोनही येऊन गेला होता: "आई आली की स्वयंपाकाच्या बाई बंद करतो." काका बॅगा घेऊन पिंजऱ्याच्या दाराशी आले.

"चल, उशीर होतोय."

"कुठे?" काकू बाकावरून हलल्या नाहीत. "निवृत्त तुम्ही झालात. मी कुठे झाले?"

काकांनी आशेने बाईंकडे पाहिलं. बाईंनी नियमावली चाळली, मागून पुढे आणि पुढून मागे.

"प्राण्याला निवृत्ती नाही, काका. आणि त्यांना एकटं ठेवता येणार नाही."

"मग मुलाला काय सांगू?"

"खरं सांगा," काकू म्हणाल्या. "की आईला नोकरी लागली."

सापांकडचा रखवालदार किल्ल्या घेऊन आला. चौदा नंबर आता त्याच्या नावापुढे होता. "काका, आत की बाहेर? दार लावायचंय."

काकांनी पेन्शनच्या कागदाची घडी केली, बॅगा उचलल्या आणि ते आत आले. काकू थोड्या सरकल्या.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता तुम्हालाही काही काम नाही."