पाठीवर खोली घेतलेली गाडी

मित्रांनो, पाठीवर ऊस, टोमॅटोचे क्रेट नाहीतर मंडपाचे बांबू घेऊन धावणाऱ्या पिकअप गाड्या तुम्ही रोज बघता. माझ्या पाठीवर मात्र एक खोली आहे. आत झोपायला फळी आहे, छोटा गॅस आहे, पाण्याची टाकी आहे आणि दोन खिडक्या आहेत. मी पलूसच्या नानासोंची जुनी गाडी. आज माझी हकिकत तुम्हाला सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी पाठ मोकळी होती. माझ्या चारही चाकांना जोर मिळतो, म्हणून नानासोंनी मला पसंत केले. लष्करात त्यांनी बर्फाच्या घाटांतून मोठे ट्रक चालवले होते. पेन्शनीवर आल्यावर त्यांनी द्राक्षबाग लावली आणि माझ्या पाठीवरून पेट्या सांगलीला जाऊ लागल्या. चिखल असो नाहीतर ढेकळे, मी कधी अडले नाही. लोक म्हणायचे, "नानासो, गाडी लय गुणाची हाय." ऐकून मला बरे वाटायचे.

खोलीची कल्पना सुलाबाईंची, म्हणजे नानासोंच्या बायकोची. नवरा देशभर फिरला आणि त्या मागे म्हशी, ऊस आणि सासूचे दुखणे सांभाळत राहिल्या. बाग मुलाच्या, यशराजच्या, हाती गेली तेव्हा त्या एक दिवस म्हणाल्या, "आता मला बी मुलूख दावा की."

"चल. लॉजवर राहू."

"परक्याच्या अंथरुणात मला झोप यायची न्हाई. घरच घेऊन चला."

नानासो मला आष्ट्याला घेऊन गेले. तिथे भाऊसो गाड्यांच्या बॉड्या बांधतात. ते पोट धरून हसले. "गाडीवर खोली? मग म्हशी कुठं बांधणार, बंपरला?" पण बांधली मात्र मन लावून. लोखंडी सांगाडा, वरून पत्रा, आतून प्लायवूड. मग ती माझ्या पाठीवर ठेवून बोल्ट आवळले. धक्क्याने डबे पडू नयेत म्हणून सुलाबाईंनी फळ्यांना पुढून पट्टी मारून घेतली. पहिल्याच चढाला तिखटाचा डबा तरीही पडला, केबिनकडच्या खिडकीतून तिखट पुढे उडाले आणि दोघे शिंकत शिंकत घाट चढले.

मग आम्ही खूप फिरलो. जतकडची माळरानं, चांदोलीच्या अंगाच्या कच्च्या वाटा, पाटणच्या वरची पठारं. जिथे डांबर संपायचे तिथे सुलाबाईंचा चेहरा फुलायचा. ओढा आडवा आला की नानासो मला थांबवत. डावीकडचे दार उघडून सुलाबाई उतरत, साडी वर खोचत आणि चपला काढून पाण्यात शिरत. जन्मभर उसाला दारं धरलेली बाई ती, म्हणजे सरीसरीतून पाणी फिरवलेली. तळाशी दगड आहे की गाळ, हे तिच्या पावलांना लगेच कळायचे.

"आवं, डाव्या अंगानं! मिल्ट्रीत डावं-उजवं शिकवलं न्हाई व्हय?"

"शिकवलं की. पर सुभेदार एवढा वरडत नव्हता!"

गेल्या उन्हाळ्यात सुलाबाई आजारी पडल्या आणि त्यातच गेल्या. नानासोंनी माझ्यावर ताडपत्री टाकली, दोऱ्या आवळल्या आणि पुन्हा माझ्याकडे फिरकले नाहीत. शेडमध्ये उभी राहून राहून माझी बॅटरी उतरली, चाकांतली हवा गेली, उंदरांनी वायरी कुरतडल्या.

दिवाळी झाली तसा यशराज म्हणाला, "आबा, खोली उतरवू या. गाडी बागेच्या कामाला येईल. खोली विहिरीवर ठेवू, मोटारीच्या पेटीला आडोसा होईल."

"उतरवा," नानासो मान वर न करता म्हणाले.

बोल्ट काढायला कितीसा वेळ लागतो? पण ती खोली म्हणजे त्या दोघांचे उतारवयातले घर होते. विहिरीवर तिच्यात खताची पोती आणि विंचू राहायला येणार होते.

तेव्हा सून संयोगिता मधे पडली. ती आपल्याकडच्या रीतीप्रमाणे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणते. "मामा, मी ह्या खोलीत एकदा बी बसले न्हाई. उतरवायच्या आदी मला फिरवून आणा."

नानासो नाही म्हणणार होते, पण ती ताडपत्रीच्या दोऱ्या सोडायलाही लागली होती.

नवी बॅटरी घातली, वायरी जोडल्या, चाकांत हवा भरली आणि आम्ही पाटणच्या बाजूला निघालो. कच्च्या वाटेवर ओढा आला. नानासोंनी मला थांबवले. इंजिन चालू, पाय क्लचवर आणि नजर डाव्या दाराकडे. दार उघडायची ते वाट बघत होते.

शेजारी बसलेल्या संयोगिताने विचारले, "काय झालं, मामा?"

नानासो भानावर आले. "तुझी आत्या हितं उतरायची."

"मग मी उतरते."

"तू बस. तुला न्हाई जमायचं."

"का? उसाला दारं आता मीच धरते. आत्यांनीच शिकवलंय."

ती सरळ पाण्यातून पलीकडे गेली आणि हात करून म्हणाली, "या बिनघोर!" पण सरीत माणसाला एकच वाट लागते, गाडीला दोन लागतात. सुलाबाई जाताना एका चाकाची आणि येताना दुसऱ्या चाकाची वाट पायांनी तपासायच्या. मी अर्ध्यात गेले आणि माझे उजवे चाक धपकन खड्ड्यात बसले.

नानासोंनी बूट काढले, विजार दुमडली आणि ते पाण्यात उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. ते तसेच उभे राहिले.

"लय गार हाय गं," ते म्हणाले. "आन दगडं टोचत्यात. ती कवा बोलली न्हाई."

"तुमी कवा इचारलंत, मामा?"

ओढ्यात उभे राहून नानासो रडले. सुलाबाई गेल्या त्या दिवशीही मी त्यांना रडताना पाहिले नव्हते. संयोगिताने त्यांना रडू दिले.

मग तोंड धुऊन त्यांनी माझ्या चाकाखाली दगड रचले. "जा, तू बस स्टेरिंगवर. ट्रॅक्टर चालवतीस न्हवं? ही त्याची धाकटी भन हाय." आणि ते स्वतः पुढे झाले. दोन्ही चाकांची वाट पायांनी चाचपत ते चालले आणि त्यांच्या मागून मी पलीकडे गेले.

घरी आल्यावर यशराज म्हणाला, "आबा, भाऊसोंचा फोन आलता. खोली उतरवायला उद्या गाडी आणा म्हणत्यात."

"नेतो की," नानासो म्हणाले. "खोलीचं बोल्ट ढिलं झाल्यात. चांगलं आवळून घेतो."

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी रोज तुमच्यासाठी पाण्यात उतरत असेल. ते पाणी किती गार आहे, हे त्याला आजच विचारा, आणि एकदा त्याच्या जागी तुम्ही उतरा. आणि तुमच्या दारात माझ्यासारखी एखादी गाडी झाकून ठेवलेली असेल, तर तिच्यावरची ताडपत्री काढा. तिला पुसा, तेलपाणी करा, थोडी फिरवून आणा. आम्हाला आपणहून निघता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगून ठेवते.