उसनं नाक

साडू हे नातंच मुळात लांबून आलेलं. दोन बहिणींनी एका दोरीत ओवलेली दोन माणसं, एवढंच काय ते. पण घड्याळजी आणि वायरमन या दोन साडवांचं असं काही गूळपीठ जमलं होतं की बायकाच विचारायच्या, सख्ख्या बहिणी आम्ही की सख्खे भाऊ तुम्ही?

दरवर्षी थंडी पडली की दोघं बसमध्ये बसून डोंगरापलीकडे निघत. तिथे गावोगाव व्हिस्कीच्या छोट्या भट्ट्या होत्या. तांब्याची भांडी, लाकडी पिंपं, आणि प्रत्येक गावाची चव निराळी. घड्याळजींची बायको, म्हणजे दोघींतली थोरली, डबा बांधून देताना म्हणायची, "निघाले बघा! जसं काही सरकारने तपासणीला नेमलंय!"

खरं तर तपासणी एकटे घड्याळजीच करत. काय नाक होतं त्या माणसाचं! ग्लास नाकाशी धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "संत्र्याची साल. मागून ओलं लाकूड." भट्टीवाले माना डोलवायचे. वायरमनचा मात्र सगळा आनंद. "मला बुवा सगळ्यातच स्पिरिट येतं," असं तो खुशाल सांगून टाकायचा. मग घड्याळजी उखडायचे, "अरे, नाक आहे की चष्मा टेकवायची खुंटी?"

गेल्या हिवाळ्यात थोरली गेली. पाठोपाठ घड्याळजींना ताप आला, तो बरेच दिवस हटला नाही, आणि उतरताना त्यांची वासाची जाण घेऊन गेला. साबण नाही, रॉकेल नाही, काही म्हणजे काही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, नाही तर नाहीही. घड्याळजींनी ही गोष्ट कुणाच्या कानावर घातली नाही. त्यांच्या मनाने एकच घेतलं होतं. साडूपण होतं ते तिच्यामुळे, ती गेली. उरलं होतं हे नाक. तेही गेलं म्हटल्यावर हा वायरमन कशाला आपल्यासोबत वणवण करेल? म्हणून "साडूभाऊ, बॅग भरा!" असा फोन आला तेव्हा त्यांनी मुकाट्याने बॅग भरली.

आणि काय नवल! पहिल्याच भट्टीत ग्लास हातात येतो न येतो तोच वायरमन ओरडला, "आहाहा, मध! आणि सफरचंद. हो ना हो साडूभाऊ?" घड्याळजींनी गंभीरपणे हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "हं. जमायला लागलंय तुला." पुढच्या भट्टीतही तेच. हा आधी बोलणार, ते मान डोलवणार. या ठोंब्याला एकदम अक्कल कशी फुटली, असं त्यांना वाटून गेलं. पण बुडताना कुणी हात दिला तर तो कुणाचा हे माणूस विचारत बसतो का?

शेवटचा मुक्काम मालकीणबाईंच्या भट्टीवर. दगडी फरशीची लांब खोली, भिंतीशी पिंपांची उतरंड आणि मधोमध टेबल. इथली एक रीत होती, बाईंच्या वडिलांपासूनची. नवं पीप उघडलं की पाहुण्यांतल्या वडीलधाऱ्याने आधी बोलायचं, आणि तो बोलेपर्यंत बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. एरवी घड्याळजींना या रीतीचा कोण अभिमान! आज नेमकी तीच आडवी आली.

"मी काय म्हणतो..." वायरमनने तोंड उघडलं.

"तुम्ही नंतर," बाई म्हणाल्या.

वायरमन खोकला, खाकरला, डोळ्यांनी काहीतरी सांगू लागला. घड्याळजींनी ग्लास फिरवला, नाकाशी नेला. धुऊन ठेवलेला रिकामा ग्लास असावा, तसं. इतकी वर्षं इथे मधच मिळाला होता. मनाचा हिय्या करून ते म्हणाले, "मध. मागून सफरचंद. शांत आहे. गोड आहे."

बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी यंदा पहिल्यांदाच धान्य धुरावर वाळवलं होतं. ग्लासातून असा धूर येत होता की दाराशी बसलेली मांजर केव्हाच उठून गेली होती.

वायरमनने आपला ग्लास उचलला, लांब श्वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ठसका लागला, तरी पठ्ठ्या छातीठोकपणे म्हणाला, "बरोबर आहे साडूभाऊंचं. मधच आहे."

"आणि सफरचंद?" बाईंनी विचारलं.

"सफरचंद तर आहेच आहे!"

बाईंनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. मग टेबलावरचा पाण्याने भरलेलाच जग उचलून त्या पाणी आणायला आत गेल्या.

घड्याळजींचा जन्म बंद पडलेली यंत्रं उघडण्यात गेला होता. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"धूर आहे ना रे?"

"आहे," वायरमन मान खाली घालून म्हणाला.

"केव्हापासून ठाऊक आहे तुला?"

"उन्हाळ्यात तुमच्याकडे आलो होतो ना, तेव्हापासून. दूध करपून पातेलं कोळसा झालं होतं, पार जिन्यात वास. आणि तुम्ही शेजारच्या खोलीत आरामात स्प्रिंग बसवत होतात."

"आणि हे मध-सफरचंद कुठे शिकलास?"

"तेव्हापासून घरातले डबे हुंगतोय. बायको म्हणते, मांजर परवडली."

"अरे गाढवा, सरळ बोलायचं होतंस! एवढा उपद्व्याप कशाला?"

"भीती वाटली."

"तुला? कसली?"

"नाक गेलं म्हणून तुम्ही यायचंच बंद कराल याची. ताई गेल्या. तुम्हीही येईनासे झालात, तर मी साडू कुणाला म्हणू?"

घड्याळजींना एकदम भरून आलं. आपण ज्या धाकाने वर्षभर कुढत होतो, तोच हा पोटात घेऊन डबे हुंगत फिरत होता. त्यांनी त्याच्या पाठीवर एक धपाटा घातला. हात मग तिथेच राहिला.

"सांग आता, हा धूर कसा आहे ते. आणि मध-बिध नको, खरं सांग."

वायरमनने ग्लास पुन्हा नाकाशी नेला. या खेपेस बराच वेळ घेतला.

"तुमचं जुनं घर," तो म्हणाला. "सरपण ओलं आहे, चूल काही पेटत नाही. ताई फुंकून फुंकून दमल्यात, डोळे पुसताहेत. नंतर त्यांच्या शालीला यायचा ना, तो वास."

घड्याळजींनी डोळे मिटले. नाकाला काही कळलं नाही. पण चुलीपुढे बसलेली, नाकाचा शेंडा लाल झालेली बायको मात्र त्यांना स्वच्छ दिसली.

"आणि मागून?" त्यांनी सवयीने विचारलं.

"मागून तुमचा उद्धार. सरपण ओलं कुणी आणलं म्हणून."

दोघं हसत सुटले, आणि हसता हसता घड्याळजींचे गाल ओले झाले. बाई जग घेऊन परत आल्या. "मग? काय ठरलं?"

"याच पिंपातलं द्या," घड्याळजी म्हणाले. "आणि बाई, पुढच्या वर्षीपासून आधी याला बोलू देत जा. माझं नाक हल्ली याच्याकडे असतं."

बाईंनी मान हलवली आणि दोघांचे ग्लास पुन्हा भरले.