अकरा हजार व्होल्टचा माणूस

रामहरी लाईनमन निवृत्त झाले तेव्हा खात्याने त्यांच्याकडून हातमोजे, शिडी आणि सिमकार्ड परत घेतलं. पक्कडही घ्यायची होती, पण ती हरवली असं त्यांनी लिहून दिलं आणि त्याच संध्याकाळी घरच्या फळीवर नीट ठेवली. सिमकार्ड गेल्याचं दुःख मात्र खरं होतं. मिरजगावात आणि आसपासच्या वाड्यांत कुणाची लाइट गेली की त्या नंबरवर फोन यायचा, आणि रामहरींचं उत्तर ठरलेलं असायचं. "वरूनच गेलीय. अर्ध्या तासात येईल."

तो अर्धा तास कधी चार तासांचा असे, कधी दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत चाले. पण अर्धा तास म्हटलं की माणूस चिडत नाही, गप बसून राहतो, हा शोध रामहरींचा स्वतःचा होता. हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला त्यांनी खांबावर चढायच्या आधी तो शिकवला होता.

चौतीस वर्षांच्या या धामधुमीत बायडाबाईंचं मुळा धरण तेवढं राहून गेलं. लग्नाच्या वर्षी रामहरींनी शब्द दिला होता, तुला धरण दाखवतो म्हणून. बायडाबाईंनी जन्मभर पाणी पाहिलं ते टँकरच्या नळीतून पडणारं. तेवढं पाणी एका जागी थांबतं तरी कसं, हे त्यांना बघायचं होतं. दोनदा त्या पिशवी भरून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभ्याही राहिल्या. एकदा सायकलवरून माणूस बोलवायला आला, एकदा फोन वाजला, आणि दोन्ही वेळा पिशवी जशीच्या तशी घरी आली. त्यानंतर त्यांनी धरणाचं नाव काढलं नाही.

निवृत्तीच्या पैशातून रामहरींनी जुनी पांढरी गाडी घेतली आणि दिवाळीनंतरच्या रविवारी धरण, असं जाहीर केलं. या खेपेला बेत फसला तर बायको आपल्यासोबत पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी दुपारी जेवून निघताना त्यांनी पाणी बघायला बॉनेट उघडलं. बायडाबाई हळदकुंकू लावायला पुढे आल्या आणि आत बघतच राहिल्या.

"अवो, ह्या बॅटरीच्या तारेला पांढरं फुललंय. आमचा कानिफनाथ ट्रॅक्टरला असं झालं की गरम पानी वततो."

"तुझा भाऊ शेती करतो," रामहरी म्हणाले. "आन ही बॅटरी बारा व्होल्टची हाय. बारा व्होल्ट म्हंजे काय गं? मी अकरा हजाराच्या लायनीवर काम केलंय." आणि त्यांनी बॉनेट धाडकन लावलं.

नगरपर्यंत गाडी झकास आली. नगर मागे टाकून, राहुरीच्या अलीकडे, वांबोरी फाट्यापुढच्या एका टपरीवर साडेतीन वाजता चहाला थांबले, आणि चहानंतर गाडीने हाय खाल्ली. किल्ली फिरवली की आत कुठेतरी 'टक्' व्हायचं आणि सगळं थंड. टपरीवरच्या दोघांनी ढकलून पाहिलं. गाडी चार हिसके देऊन उभी राहिली.

टपरीला लागूनच गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. मालक बिभीषण हात पुसत आला आणि बॉनेटकडे वळला. रामहरी मधे उभे राहिले.

"उघडू नको. बॅटरी उतरलीय. चार्जिंगला लाव."

"एकदा बघू तरी द्या, काका."

"मी चौतीस वर्सं लाइटीत काढली. मला इचार."

बिभीषण समजूतदार माणूस होता. "मंग ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "चार्जिंगलाबी लाइट लागती, आन लाइट दुपारपास्नं न्हाई."

हे ऐकून रामहरींना खरं तर बरंच वाटलं. आता विषय त्यांच्या प्रांतात आला होता. त्यांनी छाती पुढे काढून बायडाबाईंना सांगितलं, की राहुरीकडच्या या लायनीवर सध्या करण आहे. करण म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेला. "एक फोन टाकतो. पळत येतो का न्हाई बघ."

बायकोलाही ऐकू जावं म्हणून त्यांनी मुद्दाम स्पीकर लावला. करणने फोन उचलला. मागे टीव्हीवर क्रिकेट चालू होतं.

"लाइट कधी येनार रे?" रामहरींनी जुन्या अधिकाराने विचारलं.

नंबर नवा. करणच्या लेखी हा दुपारपासूनचा चाळिसावा फोन असावा. "वरूनच गेलीय, काका," तो अगदी मायेने म्हणाला. "अर्ध्या तासात येईल."

"आरं, मी रामहरी..." म्हणेपर्यंत फोन बंद झाला. पुन्हा लावला तर करणने उचललाच नाही. लाइट गेल्यावर एका माणसाचा फोन दोनदा घ्यायचा नसतो, हेही त्याला रामहरींनीच शिकवलं होतं.

बिभीषण खाली बघून हसला. टपरीवाला तोंड फिरवून हसला. बायडाबाई मात्र पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग पदराने डोळे पुसून त्या बाकावर टेकल्या आणि म्हणाल्या, "मीबी तुमच्याकडून चौतीस वर्सं हेच ऐकत आले."

यात राग नव्हता, आणि म्हणूनच ते रामहरींना फार लागलं. ते बायकोच्या शेजारी बसले. साडेचार झाले, पाच वाजत आले. ऊस भरलेले ट्रॅक्टर समोरून जात होते. उन्हाचा जोर ओसरला तसा त्यांचा जीव कासावीस व्हायला लागला. पिशवी आजही घरी परत जाणार, आणि आज तर दोष फोनवर ढकलायचीही सोय नव्हती.

शेवटी ते उठले, टपरीवाल्याकडून उकळत्या पाण्याची किटली मागून घेतली आणि बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"कुठं वतायचं, दाव," ते खालच्या आवाजात म्हणाले.

बायडाबाईंनी दाखवलं. पाणी पडलं तसं पांढरं फसफसून वाहून गेलं. खाली तार चांगलीच ढिली निघाली. रामहरींनी घरून डिकीत टाकून आणलेली ती हरवलेली पक्कड काढली आणि बायको सांगेल तेवढी तार आवळली. बिभीषण हाताची घडी घालून बघत होता.

"हेच बघू का म्हनत हुतो मी," तो म्हणाला.

किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात चालू झाली. टपरीवर लाइट अजून आली नव्हती.

धरणावर पोचले तेव्हा सूर्य पाण्यावर टेकायला आला होता. रामहरींनी गाडी बंद केली नाही. उगाच विषाची परीक्षा नको. इंजिन तसंच घरघरत ठेवून ते स्टिअरिंग धरून बसले. बायडाबाई उतरल्या, कठड्यापाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणीच पाणी होतं. त्यांनी एकदा हात जोडले, मग चपला काढून बाजूला ठेवल्या आणि दगडावर मांडी घालून बसल्या.

दहा मिनिटं गेली. अंधार पडत होता, घर शंभरेक किलोमीटरवर होतं, आणि या गाडीच्या दिव्यांचाही काही भरवसा नव्हता.

"झालं का बघून?" रामहरींनी काच खाली करून हाक मारली. "अजून किती वेळ?"

बायडाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही.

"अर्धा तास," त्या म्हणाल्या.

रामहरींनी किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरले आणि बायडाबाईंच्या शेजारी जाऊन बसले.